सारिकाच्या हातची कटिंग

परदेशात शिकून आलेल्या पोराला अभ्यासाबद्दल विचारा, दोन वाक्यांत आटपेल. तिकडं केस कुठं कापायचास, एवढंच विचारा. मग चहा पुन्हा ठेवावा लागतो! केस दर महिन्याला वाढतात, त्यामुळे किस्सेही वाढतात.

जर्मनीतल्या एका लहानशा गावात आम्ही सोलापूर जिल्ह्यातले तिघं होतो. एकच हॉस्टेल, एकच मजला, स्वयंपाकघर सामाईक. मी सोलापूर शहरातला, अक्कलकोट रोडला टॉवेलचे लूम असलेल्या घरातला. मल्लू अक्कलकोटचा. आणि सारिका नातेपुत्याच्या पलीकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. तिच्याबद्दल बोलताना माझा आवाज आपोआप खाली येतो. का, ते कळेलच.

*

पहिला किस्सा मल्लूचा. गेल्या गेल्या तो तिथल्या सलूनमध्ये गेला. कापणाऱ्या बाई होत्या. काम झालं, बाईंनी अंगावरचं कापड काढलं, मागं आरसा धरला.

आता आपल्याकडं कटिंग संपली की काय असतं? मान खाली टाकायची, डोळे मिटायचे. मग डोक्यावर थापा, कानशिलं दाबणं, शेवटी मान कडाकडा मोडून देणं. मल्लूनं सवयीनं मान टाकली, डोळे मिटले आणि वाट बघत बसला. बाईंनी हाक मारली. ह्यानं मान आणखी खाली घातली!

बाई धावत पाणी घेऊन आल्या. शेजारच्या गिऱ्हाइकानं उठून मल्लूचे पाय उचलून स्टुलावर ठेवले.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"काय करतो? पाणी पिलो, थँक्यू म्हणलो, भिंतीला धरून हळूहळू बाहेर आलो. एकदम बरा झालो असतो तर वाईट दिसलं असतं की!"

*

दुसऱ्या वेळी अडचण वेगळीच. मल्लूच्या आईचे फोनवरून नियम होते. "मंगळवार ब्याड, गुरुवार ब्याड, शनिवार तर ब्याडच ब्याड!" रविवारी आणि सोमवारी तिकडची केस कापायची दुकानं बंद. सोमवारी सलून बंद, ह्या एका बाबतीत सोलापूर आणि जर्मनी सख्खे भाऊ! बुधवारी दिवसभर लॅब. राहिला शुक्रवार. त्यानं फोन करून वेळ मागितली, ती मिळाली पुढच्या महिन्यातली, आणि त्या शुक्रवारी निघाली अमावास्या.

तोवर मल्लूचे केस कानावर आलेले. त्यानं रडकुंडीला येऊन आईला विचारलं. आईनं जरा विचार केला आणि म्हणाली, "तिकडचा चंद्र दुसरा असंल बाळा. घे जा कापून!"

*

मी म्हटलं, ही भानगडच नको. ट्रिमर आणला आणि आरशासमोर स्वतःच सुरू झालो. कपाळापासून टाळूपर्यंत असा एक रस्ता झाला की त्यावरून बैलगाडी गेली असती!

तसाच स्वयंपाकघरात जाऊन बसलो. सारिका कुकरला डाळ लावत होती. तिनं वळून पाहिलं, हसली नाही, जवळ येऊन नीट निरखलं.

"कुणी चरलं म्हणायचं हितं?"

मग तिनं ड्रॉवरमधली कात्री काढली, बोटानं धार बघितली, मला स्टुलावर बसवलं आणि माझं डोकं कोपराखाली असं दाबून धरलं की मला फक्त फरशी दिसत होती. मी वळवळलो.

"हलू नगं. मेंढरू बी एवढं हलत न्हाय!"

पुढचं मी पाहिलेलं नाही, मल्लूनं पाहिलं. तो कांदा चिरत होता, तो थांबला. कात्री एकदाही उघडी राहिली नाही की अडली नाही, नुसता कुरकुर आवाज. कुकरची डाळ शिजायच्या आत माझं डोकं तयार होतं, आणि तो रस्ता कुठं गेला ते मला आजही माहीत नाही. मी आरशात बघतच राहिलो. असे केस माझ्या डोक्यावर जन्मात नव्हते!

मल्लूनं सुरी खाली ठेवली आणि स्टुलावर जाऊन बसला.

*

हे सगळं सारिका आबांकडून शिकली होती, म्हणजे तिच्या वडिलांकडून. आबांच्या हाताखाली दुसरं कुणी नव्हतं, म्हणून लोकर कातरायला लहानपणापासून हीच. पण जर्मनीला निघताना आबांनी तिच्या कपाळाला भंडारा लावला आणि शब्द घेतला: "ह्या हातात आता पुन्यांदा कातर दिसता कामा नये. म्या धरली तेवढी बास झाली."

"मग शब्दाचं काय?" मल्लूनं विचारलं.

"आबा मेंढराबद्दल बोलल्यात. तू मेंढरू हायस का?"

मल्लू हसला. ती हसली नाही. जरा वेळानं आपणहून म्हणाली, "आबांनी बोलणं टाकलं तर मी हितं एक दिस ऱ्हायची न्हाय." तिला खरंच भीती वाटत होती, आणि तरी कुणाचं वाढलेलं डोकं दिसलं की तिचे हात गप्प बसत नव्हते.

*

एकदा मल्लू दाढी करायला एका तुर्की माणसाच्या दुकानात गेला. त्यानं दाढी राहू दिली आणि मल्लूच्या डोक्याभोवती दोनदा फिरला. भावाला हाक मारून दाखवलं. "हे कुणी केलं?"

"घरी," मल्लू म्हणाला.

पुढच्या रविवारी तो माणूस आमच्या स्वयंपाकघरात हजर! स्वतःचं दुकान असलेला माणूस आमच्या स्टुलावर मान घालून बसला. उठला तेव्हा छातीवर हात ठेवून सारिकासमोर किंचित वाकला आणि म्हणाला, "माझ्या दुकानात एक खुर्ची तुझी."

सारिका घाबरलीच. "नको, नको. दुकानात बसले तर आबांना कळेल."

"आबा कुठं असतात?"

"नातेपुत्याला!"

*

मे महिन्यात बहिणीच्या लग्नासाठी मी सोलापूरला निघालो. आदल्या दिवशी सारिकानं माझे केस कापले आणि आबांसाठी पार्सल दिलं: गुडघ्याचं मलम आणि एक स्वेटर. आबा ते न्यायला सोलापूरच्या एसटी स्टँडवर येणार होते. पार्सल देता देताच तिचा चेहरा उतरला.

"आबांसमोर टोपी घालून बसायचं, काढायची न्हाय."

"का?"

"कातरलेलं मेंढरू बघून आबा सांगत्यात, कुणाचा हात हाय ते."

"अगं, मे महिना! सोलापूर!"

"ते मला सांगू नगं. शब्द दे."

दिला. आणि भर दुपारी स्टँडसमोरच्या हॉटेलात मी कानापर्यंत लोकरीची टोपी ओढून बसलो. समोर तांबडा पटका बांधलेले आबा. माझा घाम चहात पडत होता.

"आजारी हाय का बाळा?"

"नाही आबा. तिकडं फार थंडी असते."

"हितं न्हाय," आबा म्हणाले.

मग त्यांना माझी दया आली असावी. खांद्यावरचा टॉवेल घेऊन ते माझा घाम पुसायला पुढं झाले, आणि टोपी मागं सरकून खाली पडली. टॉवेल तसाच राहिला. दोन बोटांनी त्यांनी माझी मान वळवली. त्यांच्या अंगठ्याचा घट्टा माझ्या मानेवरून हळूहळू वर गेला.

"कुटं कापलं?"

"तिकडं... दुकानात." आता सारिकाला काय सांगू, एवढंच डोक्यात.

आबांचा अंगठा कानामागं थांबला होता. मग वाकून त्यांनी टोपी उचलली, झटकली, माझ्या हातात दिली आणि पार्सल काखेला मारलं.

"हात चांगला हाय," ते म्हणाले. "दुकानदाराला सांग, कानामागं कातर जरा आडवी धर म्हणावं. म्या शिकवीत हुतो तवा बी ऐकत नव्हती."