समजनं का?

गुजरातेत, गोडादऱ्यात आमच्या गल्लीतला तो डॉक्टर प्रत्येक पेशंटला अहिराणीत दोनदा विचारतो, "समजनं का, माय? समजनं का?" उत्तर मिळाल्याशिवाय चिठ्ठी हातात देत नाही.

कोरोनात तो मेडिकलला शिकत होता. मूळचा धुळ्याकडचा, पण घराबाहेर अहिराणी बोलायची त्याला लाज वाटे. गल्लीत उभा राहून फाडफाड गुजरातीत सांगायचा, आजाऱ्याजवळ बसू नका. माझ्या सासूला गुजराती कळत नसे. ती कौतुकाने मान डोलवायची आणि रीतीप्रमाणे शेजारच्या आजारी बाईच्या उशाशी जाऊन बसायची. त्यातच ती गेली.

परवा मी खोकल्याचं औषध आणायला गेले. त्याने विचारलं, मी सवयीने मान डोलावली. त्याचा चेहराच उतरला.

"मान नको हालाडू, माय. बोल."