खंडेनवमीचा पाट

गेवराईच्या पुढं, गोदावरीच्या अंगाला बायनाबाईचं गाव. नदीत पाण्यापेक्षा खड्डे जास्त. त्या खड्ड्यांतल्या वाळूवरून गावात दोन तट पडले आणि सहा वर्षांपूर्वी पहिल्याच मारामारीत तिचा नवरा नाथा गेला.

तेराव्याला एकोणीस वर्षांच्या जालिंदरला तीच म्हणाली होती, "तुज्या बापाचं रगत वाळूत जिरलं, आन तू हितं बुंदी वाढत बसलास?" हे वाक्य ती आता कुणाला सांगत नाही. पोरानं गावठी कट्टा आणला. तो सांभाळायचं काम आईकडं आलं. ती तो ज्वारीच्या कणगीत ठेवायची. पोलीस आले की कणगीला टेकून नवऱ्याच्या नावानं गळा काढायची. शिपाई चार पावलं मागं सरायचे. महसूलची गाडी आली की बायका पुढं, पुरुष मागं. तीही पुढं.

एवढं करून घरात तिची जागा आतली. वाळूवर निघताना जालिंदर ट्रॅक्टरच्या चाकाखाली लिंबू ठेवायचा आणि म्हणायचा, "आई, आत व्हय." विधवा आडवी आली तर काम नासतं, असं वाळूवाले सगळेच मानत. एकदा ती चुकून दारात आली, तर त्यानं ट्रॅक्टर माघारी लावला. तेव्हापासून तो निघाला की ती आतल्या खोलीत मिरच्यांची देठं खुडत बसायची.

यंदा श्रावणात दुसऱ्या तटातल्या रविराजच्या मांडीला गोळी चाटून गेली. कुणी झाडली ते गावाला ठाऊक, कागदाला नाही. मग शांतता कमिटी बसली. अकरा पुरुष, शाली, नारळ, फोटो. चहा करायला मागं दोन बायका: बायनाबाई आणि रविराजची आई दगडाबाई. दगडाबाईचा धनीही ह्याच वाळूनं नेलेला.

"साखर किती घालू?" दगडाबाईनं विचारलं.

"घाल मूठभर. लई गोड बोलायलेत भाईर."

सहा वर्षांत पहिल्यांदा दोघी एका ठिकाणी हसल्या. मग दगडाबाई चहाकडं बघत म्हणाली, "माजं पोरगं दसऱ्याची वाट बघायलंय, बायना. म्हणतंय, नदीच्या काठावर गाठतो."

"माजं बी," बायनाबाई म्हणाली.

खंडेनवमीला अंगणात पाट मांडला. खुरपं, विळा, कोयता, कुऱ्हाड. जालिंदरनं कणगीत हात घातला, कट्टा काढला आणि मधोमध ठेवला.

"कुंकू लाव," तो बायकोला म्हणाला. "उद्या संगं न्यायचंय."

अंजलीचं बोट ताटातच राहिलं. बायनाबाई बाहेर आली.

"आई, आत व्हय."

"न्हाई."

तिनं सुनेच्या हातून ताट घेतलं. कट्ट्याला हळद लावली. कुंकू लावलं. अक्षता वाहिल्या, झेंडूचं फूल ठेवलं. तिला कसलीही घाई नव्हती. सहा वर्षांनी बोटाला कुंकू लागलं होतं.

जालिंदर मागं सरला, पोलीस सरायचे तसा. "कावून केलंस हे?"

"पूजा केली. उचल की आता. जा घेऊन."

त्यानं उचलला नाही. "अंजले, पुसून तू लाव परत."

"आत्याबाईंचा हात लागलाय," अंजली खाली बघून म्हणाली. "म्या न्हाई लावत."

"अपशकुनी हायस तू!" तो आईवर ओरडला. आजवर तोंडावर कधी म्हणाला नव्हता.

"हाय," ती म्हणाली, आणि कट्टा पदरात घेऊन आत गेली.

त्याच दुपारी ती सहा वर्षांनी दगडाबाईच्या मागल्या दारी गेली आणि झालं ते सांगितलं. दगडाबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "मला मेलीला कसं सुचलं न्हाई! आमचा पाट अजून मांडलेलाच हाय."

दसऱ्याला जालिंदर तोंडावर पांघरूण घेऊन घरीच पडून राहिला. रविराजही काठावर फिरकला नाही. भर दुपारी दोघी धुणं घेऊन नदीवर गेल्या. दोन्ही गाठोडी जड होती. सगळ्यात खोल खड्डा कुठला, हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही. नंतर त्यांनी धुणं खरंच धुतलं.

कमिटीचा फोटो चावडीत लागलाय. त्यात अकराच माणसं आहेत.

जालिंदर दोन महिने आईशी बोलला नाही. आता बोलतो. ट्रॅक्टर काढताना अजूनही म्हणतो, "आई, आत व्हय."

ती आधी त्याच्या कंबरेकडं बघते. मग आत जाते.