अळणी ताटातला गूळ

आमच्या घरात अळणी जेवण एकाच वेळी शिजतं. घरातलं माणूस गेल्यावर. दहाव्यापर्यंत चुलीवरच्या भांड्यात मीठ पडत नाही, फोडणीचा वास येत नाही. भात आणि बिनमिठाची डाळ ताटात येते, ती मान खाली घालून गिळायची. माझे वडील गेले तेव्हा आम्ही सगळ्यांनी तशी गिळली. म्हणून डॉक्टरने मला मीठ बंद करायला सांगितलं, तेव्हा मला जिभेची काळजी नव्हती. घरी जाऊन बायकोला हे सांगायचं कसं, याची होती.

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. रत्नागिरी शहरापासून आत, सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळावरच्या, एका चिरेखाणीत मी कामाला होतो. जांभ्या दगडाचा चिरा तेव्हा हातानेच काढायचे. टिकावाने चर पाडायचा, पहार घालून चिरा सुटा करायचा, मग तासून त्याच्या कडा सरळ करायच्या. माझी शाळा तिसरीत सुटली. पण माझ्या हातचा चिरा भिंतीत बसवताना गवंड्याला पुन्हा तासावा लागत नसे, हे मी आजही कोणालाही सांगेन.

एक दिवस पहार मारताना समोरचा लाल दगड हलायला लागला. मला वाटलं दरड सुटली. मी मागे सरकलो आणि खाली बसलो. दरड जागच्या जागी होती, मीच हललो होतो. मुकादमाने मला ट्रकमध्ये घालून शहरातल्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने दंडाला पट्टा बांधला, तो फुगवला, पुन्हा फुगवला आणि माझ्याकडे बघत राहिला.

"घरात कोणाला प्रेशर होतं?"

"प्रेशर ठाऊक नाही. वडिलांना अर्धांग झालं होतं."

"आजपासून मीठ बंद. सुकी मासळी, लोणचं, पापड बंद. विडी बंद. या गोळ्या घ्यायच्या आणि रोज सकाळी चालायचं."

मी म्हटलं, "डॉक्टर, मी चिरे उचलतो. घाम गाळणाऱ्याला मीठ लागतं."

"तुमचे वडील काय उचलायचे?"

"चिरेच."

डॉक्टरने पट्टा गुंडाळून पेटीत ठेवला. 

वडील दोन वर्षं आमच्या पडवीत पडून होते. एक बाजू गेलेली, वाचा गेलेली. चिऱ्याला हात लावला की तो उचलणारा माणूस, त्याला माझी बायको चमच्याने पेज भरवायची आणि तोंडाच्या कडेने आलेली पदराने पुसायची. येणारे-जाणारे पडवीत थांबून बघायचे. माझे वडील डोळे मिटून घ्यायचे. मरणाला मी भीत नाही, तेव्हाही भ्यायलो नाही. पण तसं पडवीत पडायचं नव्हतं. मुलगी दहा-बारा वर्षांची होती, मुलगा तिच्याहून लहान. त्यांनी मला तसं बघायला नको होतं.

घरी आलो तेव्हा बायको तांदूळ पाखडत होती. मी सगळं सांगितलं. गोळ्यांचं ऐकून तिने मान हलवली, विडीचं ऐकून तर ती खूशच झाली. मिठाशी आलो तेव्हा तिच्या हातातलं सूप थांबलं.

"अळणी?"

"हां."

"जित्या माणसाला?"

"डॉक्टर बोलला तसं सांगतोय गो."

"डॉक्टरला काय जातंय बोलायला. ज्या हातानं मामंजींचं सुतक वाढलं, त्याच हातानं तुमच्यापुढे तसलं ताट ठेवू? मला नाय जमायचं."

"मग काय मी पडवीत पडू?"

ती उठली. तांदूळ तसेच टाकून परसात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ताट आलं. भात, बाजूला वाटीत कोकमाच्या आगळाचं लालभडक सार. तोंडी लावायला काही नाही. ताट ठेवून ती चुलीकडे वळली आणि मी जेवेपर्यंत तिने तोंड फिरवलं नाही. मी सार भातावर ओतलं आणि पहिला घास घेतला. बरं लागलं. मी मनात म्हटलं, आंबट असलं की मिठाची आठवण येत नाही, लोक उगाच बाऊ करतात.

त्या दिवसापासून मी मीठ सोडलं. रोज भात आणि सार. कधी पालेभाजी, तीही अळणी, सारात कालवून. विडीचं बंडल मी खाणीच्या डबक्यात फेकलं आणि विडीची आठवण झाली की ओवा चावायचो. खाणीवरचे हसायचे, "हा काय बाळंतीण झालाय काय रे?" मी ऐकून घ्यायचो आणि त्यांच्यापेक्षा दोन चिरे जास्त काढायचो.

चालणं मात्र अवघड होतं. पायांना नव्हे. आमच्याकडे रस्त्याला लागलं की प्रत्येक जण विचारतो, "कुठं चाललाव?" आणि त्याला उत्तर द्यावं लागतं. नुसता चालायला चाललोय, असं धडधाकट माणसाने सांगायचं कसं? म्हणून मी हातात कोयती घ्यायला लागलो. कोयती बघितली की कोणी विचारत नाही, माणूस कामाला निघालाय हे दिसतं. देवळापर्यंत जायचो आणि परत फिरायचो. पण शेजारची म्हातारी काकी डोळ्याने तिखट होती. एकदा तिने कुंपणापलीकडून हटकलंच.

"काय रे, रोज कोयती घेऊन जातोस, फाटी एक आणताना दिसत नाय?"

"बघून ठेवतोय काकी."

"बघून बघून चूल पेटते काय?"

आत बायको हसली. त्या दिवसांत घरात तेवढंच हसू झालं.

डॉक्टरकडे महिन्याने गेलो. पट्टा फुगला, डॉक्टरच्या कपाळाला आठी आली. गोळी वाढवली. पुढच्या महिन्याला पुन्हा तेच. मग तो चिडला.

"तुम्ही ऐकत नाही. चोरून खाताय."

मला असं कोणी बोललेलं खपत नाही. मी उभा राहिलो. "डॉक्टर, मी चोरून पाणीसुद्धा पीत नाही. मीठ बंद म्हणजे बंद. भात आणि सार, दुसरं काही खात नाही."

"कशाचं सार?"

"आगळाचं."

"आगळ करता कसं तुम्ही?"

डॉक्टर आमच्याच जिल्ह्यातला, त्याला आगळ ठाऊक नाही म्हणजे काय, असं मला वाटलं. मी सांगायला लागलो. "रातांबे पिकले की काढायचे. फोडून बरणीत भरायचे. थरावर थर, आणि प्रत्येक थराला मीठ..."

आणि मी थांबलो.

त्या वर्षीच्या बरण्या मीच भरल्या होत्या. मिठाचं पोतं बाजारातून मीच खांद्यावर आणलं होतं. पण ते मीठ माझ्या लेखी आगळाचं होतं. डॉक्टरने बंद केलेलं मीठ म्हणजे ताटात वाढतात ते, भांड्यात घालतात ते. बरणीतल्या मिठाला मी मीठ म्हणून मोजलंच नव्हतं. डॉक्टर हसला नाही, हे त्याचे उपकार. नुसतं म्हणाला, "घरात स्वयंपाक कोण करतं?"

एसटीतून घरी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं. मी पुरुष माणूस, मला नसेल सुचलं. पण रोज सार करणाऱ्या बाईला?

दारातूनच विचारलं, "सारात मीठ असतं हे तुला ठाऊक होतं?"

ती चुलीपुढे होती. वळून म्हणाली, "होतं."

"आणि तू मला वाढत राहिलीस?"

"तुमी मीठ सोडलंत. मी अळणी वाढलं नाय. दोघांचंही राहिलं."

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण काकी कुंपणापाशी आली एवढं आठवतं. बायको ऐकत राहिली. माझा आवाज संपल्यावर म्हणाली, "काय बोलायचं ते बोला. पण त्या ताटाकडे बघितलं की मला मामंजींचा फोटो दिसतो, हार घातलेला. मग त्यांच्या जागी..." पुढचं तिने तोंडातून काढलं नाही. हात कपाळाच्या कुंकवाकडे गेला होता, तो तिने खाली घेतला.

मी हातपाय धुतले आणि स्वतः भाताच्या भांड्याशी गेलो. आमच्या घरात बायको समोर असताना पुरुषाने हाताने वाढून घेणं म्हणजे तिच्या तोंडावर मारल्यासारखं. ठाऊक असून मी घेतलं. भात घेतला, डाळीत अजून मीठ पडायचं होतं ती तशीच वरून घेतली आणि पाटावर बसून जेवायला लागलो. सार नाही, काही नाही. प्रत्येक घास मी पाण्याबरोबर ढकलत होतो. मुलं भिंतीला टेकून बघत होती.

 मग तिने आपलं ताट घेतलं आणि त्यात तोच भात, तीच बिनमिठाची डाळ वाढली. मग फडताळातला डबा काढला, बत्त्याने गूळ फोडला आणि एक खडा माझ्या ताटात ठेवला, एक स्वतःच्या.

"हे काय?"

"सुतकात ताटात गोड नसतं," ती म्हणाली. "आता हे सुतकाचं ताट नाय."

मुलीने विचारलं, "आई, तुला पण प्रेशर झालं?"

"गप जेव."

मी तिला पुष्कळदा सांगितलं, तुला कोणी मीठ सोडायला सांगितलं नाही. तिने ऐकलं नाही. हट्टी म्हणून लोक मला ओळखतात, तिला कोणी ओळखलंच नाही. मुलांसाठी ती वेगळं मीठ घालून ठेवायची, आम्हा दोघांचं अळणी, आणि कडेला गूळ. तिचं माहेर समुद्राकाठच्या नाटे गावाकडचं. तिचे भाऊ सुके बांगडे घेऊन यायचे. ती घ्यायची, त्यांच्यादेखत डब्यात भरायची आणि ते गेले की काकीला नेऊन द्यायची. कोणी विचारलं तर सांगायची, नवस हाय. पुढे पट्टा फुगल्यावर डॉक्टरच्या कपाळाची आठी गेली. दगड पुन्हा कधी हलला नाही. चिरे उचलणं कमी केलं, तासायचं काम ठेवलं. कोयती मात्र सोडली नाही. सकाळी येताना दोन फाटी आणायचो, काकीचं तोंड बंद करायला.

मुलीचं लग्न झालं त्याच्या पुढच्या वर्षी बायकोच्या पोटात गाठ निघाली. मुंबईला नेलं, परत आणलं. शेवटी ती त्याच पडवीत होती आणि पेज मी भरवत होतो. माझा हात जड, तिच्या हनुवटीवर सांडायची. एकदा तिने क्षीण आवाजात विचारलं, "ह्यात मीठ हाय?"

"हाय. तुला कुठे प्रेशर आहे."

ती थोडी हसली. म्हणाली, "तुमच्या आधी जातेय. माझं झालं मनासारखं." सवाष्ण गेली. बायकांनी तिची ओटी भरली, तेव्हा मी अंगणात उभा होतो.

मग दहाव्यापर्यंत घरात अळणी शिजलं. भावकी जेवायला बसायची आणि पहिल्या घासाला प्रत्येकाचं तोंड वाकडं व्हायचं. मुलाला गिळवेना. माझा हात मात्र रोजच्यासारखा चालत होता, ते रोजचंच जेवण होतं. फक्त कडेला काही नव्हतं. मी पहिल्या दिवशी दोनदा ताटाच्या कडेला बोट फिरवलं.

तेराव्याला गोडाचं झालं, माणसं गेली. दुसऱ्या दिवशी मुलीने माझं ताट वाढलं. अळणी भात, अळणी डाळ. तिच्या हातात डबा होता. ती उभीच राहिली.

"बाबा, गूळ ठेवू?"

"ठेव," मी म्हटलं. "नायतर ती बोलेल, सुतक फिटलं तरी हा तसाच जेवतोय."

तिने बत्त्याने गूळ फोडला. खडा मोठा पडला, तिच्या आईसारखा बारीक तिला जमत नव्हता. तो मी ताटाच्या कडेला सरकवला आणि जेवायला लागलो.