न दमणारी सुई

मुलांना मी अणू शिकवायचो तो बेळगावच्या किल्ल्यावरून. किल्ला सगळ्यांनी पाहिलेला असे. मी म्हणायचो, हा अख्खा किल्ला म्हणजे एक अणू समजा. आता त्यातली देवळं, बराकी, झाडं, माणसं सगळी काढून टाका आणि मधोमध हरभऱ्याचा एक दाणा ठेवा. ते अणूचं केंद्र. अणूचं जवळजवळ सगळं वजन त्या दाण्यात. बाकी खंदकापर्यंत नुसती पोकळी, आणि तिच्यात भिरभिरणारे इलेक्ट्रॉन. पोरं हसायची. एकजण तर दरवर्षी विचारायचाच, सर, हरभरा कुणी खाल्ला तर? मी कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होतो, डोकं लवकर तापायचं, आणि असल्या हजरजबाबी पोराला वर्गाबाहेर काढायला मला फार वेळ लागत नसे.

हसणं थांबायचं ते मी रेडियमवर आलो की. काही अणूंच्या केंद्रात इतकं कोंबलेलं असतं की ते आपलं आपण फुटतं. कुठलं केंद्र कधी फुटेल हे सांगता येत नाही. तापवा, गोठवा, ठेचा, आम्लात बुडवा, त्याला काही फरक पडत नाही. फुटताना बाहेर पडणाऱ्या किरणांतले काही कागदाने अडतात, काही पत्र्याने, आणि काही भिंतीलाही पुरते जुमानत नाहीत. एवढं बोलून मी मुद्दाम गप्प बसायचो. वर्गावर पसरलेली ती शांतता मला आवडायची. रेडियम मी स्वतः कधी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

ते पाहायचा योग आईमुळे आला. आमचं घर निपाणीचं. वडील तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते, ते लवकर गेले. आई जन्मभर सकाळ-संध्याकाळ मिश्री लावायची, आणि मधल्या वेळात गालात तंबाखूची चिमूट असायचीच. निपाणीत त्याचं कुणाला नवल? तिच्या डाव्या गालाच्या आत एक चट्टा उठला, मग त्याची जखम झाली आणि ती बरी होईना. शेवटी तिला परगावच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गालात बोट फिरवलं, हात धुतले आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की रेडियमच्या सुया घालाव्या लागतील.

सुया बोटाच्या पेरापेक्षा थोड्या लांब होत्या, जाडसर, चकचकीत. प्रत्येकीच्या नेढ्यात रेशमाचा दोरा. गालाच्या मांसात त्या खुपसून ठेवायच्या आणि दोऱ्यांची टोकं बाहेर चिकटपट्टीने डकवायची. डॉक्टर इंग्रजीत सांगत होते आणि मी आईला मराठीत.

"सुईच न्हवं?" आई म्हणाली. "जल्म गेला माझा सुया वडण्यात."

"ही साधी नाही," मी म्हणालो. "डॉक्टर म्हणतात, ही दमत नाही. तू झोपलीस तरी हिचं काम चालूच. आपण गेलो, आपली नातवंडं-पतवंडं गेली, तरी ही अशीच चालत राहील."

"कशावर चालती?"

"कशावरच नाही. आतनंच."

आईने पदर सावरला आणि त्या ट्रेमधल्या सुयांना हात जोडले. मला हसू आलं. डॉक्टरही हसले.

माझी धाकटी बहीण तेव्हा दिवस भरत आलेली. पहिली दोन मुलं पाळण्यातच गेल्यामुळे ती तिसऱ्या खेपेला माहेरी येऊन राहिली होती, आणि तिच्यापेक्षा आईच जास्त धास्तावलेली होती. आईला भेटायला बहीण आली तेव्हा नर्सने तिला दारातूनच परत लावलं. पोटुशी बाईने या खोलीत यायचं नाही, म्हणाली. आईने मान डोलावली. तिला हे लगेच पटलं. तिच्या लेखी कुठल्या वेळी कुणी कशापुढे जायचं नाही याचे नियम असतातच, आणि नियम जितके कडक तितकं समोरचं दैवत जागृत.

सुया काढायच्या दिवशी मोजणी झाली आणि एक कमी भरली. गाद्या झटकल्या, उशा उसवल्या, मोरीची जाळी उचकटली. आईला विचारलं तर म्हणाली, "मला काय ठावं? निजले व्हते." तिचं बोचकंही उघडून पाहिलं. कमरेच्या चंचीत हात घालायचं कुणाच्या मनात आलं नाही. तंबाखू बंद केल्यापासून ती रिकामीच असणार असं सगळ्यांनी धरलं होतं, आणि म्हाताऱ्या बाईच्या कमरेला हात तरी कोण लावणार? सुई मोरीतून वाहून गेली असावी असं ठरलं आणि आईला घरी सोडलं. गाल बरा होत होता. त्याच आठवड्यात बहीण बाळंत झाली. मुलगी.

मी बेळगावात होतो. पुढे डॉक्टरांचा निरोप आला. सुई सापडल्याशिवाय त्यांना स्वस्थता नव्हती, आणि दवाखान्यात तिला हुडकायचं यंत्र नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रोस्कोप होता. लाकडी पेटीतल्या काचेच्या भांड्यात उतरलेली पितळी कांडी, खाली सोन्याच्या वर्खाची दोन पानं. एबोनाइटची दांडी लोकरीवर घासून कांडीला लावली की पानं फाकतात आणि तशीच फाकलेली राहतात. जवळपास रेडियम असेल तर मात्र हवाच वीज वाहू लागते आणि पानं मिटतात. प्रिन्सिपॉलांची परवानगी काढून मी ती पेटी घेऊन गेलो आणि दिवसभर दवाखान्याची गटारं, उकिरडा, धोब्याचा दगड धुंडाळत हिंडलो. पानं कुठेच मिटली नाहीत. डॉक्टरांचा चेहरा उतरला. मला मात्र, खरं सांगायचं तर, मजा वाटत होती.

परतताना भाचीला बघायला म्हणून मी निपाणीला उतरलो. बारसं नुकतंच झालं होतं, मी त्याला चुकलो होतो. ऐन हंगाम होता. वखारीपुढे गाड्यांची रांग लागलेली, गल्लीभर तंबाखूचा खकाणा, घशात खवखव. घरात मात्र ऊद आणि ओव्याच्या धुरीचा वास होता. बाळंतिणीच्या खोलीत बाजेखाली विळा ठेवलेला, दाराला कडुनिंब. आई त्या खोलीच्या उंबऱ्यातच बसून असायची. दोन गेली, आता तिसऱ्या वेळी यम आत शिरलाच तर तिला ओलांडून शिरावं असा तिचा बेत असावा.

"अण्णा, त्या पेटीत काय हाय?" बहिणीने विचारलं.

तिला करमणूक म्हणून मी ती कोनाड्यात मांडली आणि दांडी घासून लावली. पानं फाकली. "बघ," मी म्हणालो, "आता ही अशीच..."

पानं मिटली.

मी पुन्हा दांडी घासली. पुन्हा फाकली, पुन्हा मिटली. धुरीचा परिणाम असेल म्हणून पेटी सोप्यात नेली. तिथे पानं तग धरून होती, पण हळूहळू मिटत होती. अंगणात बराच वेळ राहिली. भर दुपारचं, कोरडं ठणठणीत ऊन होतं. दमट हवेला दोष द्यायची सोय नव्हती. मी पेटी घेऊन परत आत आलो. माजघर, मग बाळंतिणीची खोली. पाळण्याजवळ तर पानं फाकायलाच तयार होईनात. दवाखान्यात जे शोधताना मजा वाटली होती ते माझ्यापासून हातभर अंतरावर होतं आणि त्यावर माझी भाची झोपली होती.

मी पोरीला ओढूनच बाहेर काढलं. बहीण किंचाळली. मी पोरीला तिच्या हातात कोंबलं आणि म्हणालो, "बाहेर जा. अंगणाच्या पार टोकाला. चल!" मग पाळण्यातल्या एकेक वस्तू चिमट्याने उचलून पेटीजवळ धरत गेलो. दुपटं नाही. झबलं नाही. छोटी वाकळ, आईने आपल्याच जुन्या लुगड्यांची शिवलेली, पानांजवळ आली आणि पानं गळून पडली.

आई उंबऱ्यातून उठली नव्हती.

"उसवू नगंस," ती म्हणाली. "उशाकडच्या कोपऱ्यात हाय. मीच घातलीया."

मी वाकळ आणखी लांब धरली.

"आपसूक निघून आलती दोऱ्यासकट. मी ठेवून घेतली. इळा नुसतं लोखंड, ही तर जित्ती सुई. माझा रोग जाळला तिनं. तूच सांगितलंस न्हवं, ती कवा दमत न्हाय म्हनून? मी निजले तरी ती जागी ऱ्हाईल, राखण करंल पोरीची." मग माझं तोंड बघून ती घाईघाईने म्हणाली, "नेम पाळलाय रं. पोटुशीला चालत न्हाय म्हनालं व्हतं. बाळंत हुईस्तवर देव्हाऱ्यात ठिवली व्हती, करंड्याच्या मागं."

मी आईवर ओरडलो. जन्मात कधी ओरडलो नव्हतो तसा ओरडलो. तिला त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण तेवढ्यात अंगणातून बहिणीचा आवाज आला. ती म्हणत होती, "अण्णा, हिच्या कानामागं लाल झालंय ते त्येच काय? मला वाटलं मुंगी चावली."

वाकळ मी चिमट्याने धरून कातरली. सुई परसातल्या लोखंडी खलात टाकली आणि खलासकट बसच्या टपावर बांधून दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी पोरीला तपासलं. कानामागून मानेपर्यंत चट्टा होता, पुढे तो चिघळला आणि भरून यायला पावसाळा उलटला. तिथे केस आले नाहीत. "वरचं दिसतं," डॉक्टर म्हणाले. "आत काय झालंय ते दिसत नाही. काहीच होणार नाही, किंवा होईल. केव्हा, ते मी सांगू शकत नाही. मान चाचपत राहा. गाठ लागली तर घेऊन या."

असंच वाक्य मी वर्गात किती वेळा पोरांना गप्प करायला म्हटलं होतं! त्यानंतर रेडियमचा धडा मी पुस्तकातून वाचून दाखवू लागलो.

पोर मात्र जगली, आणि बहीण तिला घेऊन माहेरीच राहिली. दातांना आली, चालायला लागली, शाळेत जाऊ लागली. लई बडबडी. दर सुटीत मी निपाणीला गेलो की आधी तिला पुढ्यात उभी करायचो आणि जबड्याखालून गळ्यापर्यंत बोटं फिरवायचो. हे मामाचं काहीतरी खूळ आहे असं तिला वाटायचं. हे मी कपाळाला आठ्या घालूनच करायचो, कारण बोटांना काही लागेल ही धास्ती असे. आई चुलीपुढून माझ्या तोंडाकडे बघत राहायची. बोटं काढून मी पोरीवर खेकसलो, "जा, पाढे म्हण," की आई पुन्हा भाकरी थापायला घ्यायची.

मग जपानवर बॉम्ब पडला. वखारीतले लोक मला गाठून विचारायचे, मास्तर, हे अणू म्हणजे काय? मला किल्ला सांगवेना. आईने तेवढं एकदाच विचारलं.

"त्या सुईत व्हतं त्येच का?"

"तसलंच," मी म्हणालो. "फोडलं वेगळ्या तऱ्हेने."

"गाव जळालं म्हणं."

"हो."

त्यानंतर तिने नातीला मांडीवर घेतलं नाही. वेणी घालायला बहिणीकडे पाठवायची. ताट वाढायची, ते लांबून सरकवायची. पोर रुसायची, रडायची, आजी माझ्याशी कट्टी का म्हणून विचारायची. मी आईला किती परीने समजावलं की सुई गेली, तुझ्या हातांत आता काही नाही. ती नुसते हात बघत बसायची. मला तिचा राग यायचा आणि तिची कीवही यायची.

स्वातंत्र्य आलं त्या वर्षी दिवाळीच्या सुटीत मी गेलो. पोर धावत आली आणि सवयीने स्वतःच मान वर करून उभी राहिली. काल आणलेल्या फुलबाज्यांबद्दल काहीतरी सांगत होती. मी जबड्याखालून बोटं खाली आणली. गळ्याच्या घाटीजवळ, डाव्या अंगाला, कातडीखाली काहीतरी होतं. हलत नव्हतं. मी पुन्हा बोट फिरवलं. होतंच.

"मामा, गुदगुल्या!" ती म्हणाली.

आई बघत होती हे मला ठाऊक होतं. चेहऱ्यावर काही दिसता कामा नये, एवढंच त्या क्षणी डोक्यात होतं. मी पोरीचा गालगुच्चा घेतला आणि जन्मात पहिल्यांदा, तिची मान चाचपून झाल्यावर, खेकसायच्या ऐवजी हसलो.

आईने हातातली भाकरी परातीत ठेवली. चुलीपुढून उठली, पिठाच्या हातांनीच आली आणि इतक्या दिवसांनी नातीला जवळ ओढून छातीशी धरली.