डाव्या कानातली पावलं

सुरुवातीलाच एक मूर्खपणा कबूल करते, कारण तो सांगितल्याशिवाय पुढचं कोणाला पटायचं नाही. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दिल्लीत सरकारी क्वार्टर, दोन खोल्या. आतल्या खोलीत सासूबाई आणि नणंद माझ्या पोळ्यांबद्दल बोलत होत्या, आणि मी बाहेरून दाराला उजवा कान लावून उभी होते. डावा कान खाजत होता, म्हणून केसांतला आकडा काढून त्यात फिरवत होते – दोन्ही कान कामाला लावले होते म्हणा ना. सासूबाईंनी अचानक दार आत ओढलं. माझा तोल गेला, कोपर चौकटीवर आपटलं आणि आकडा कानात. पडले ती थेट त्यांच्या पायाशी. त्यांना वाटलं सून पाया पडतेय. त्यांनी आशीर्वादही दिला. तो मला एकाच कानाने ऐकू आला.

लाजेपायी मी कोणाला काही सांगितलं नाही. कान चिघळला, ताप आला, तरी ‘पाणी गेलं असेल’ म्हणत बसले. शेवटी डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आतली नसच गेली, आता या बाजूला फटाका फोडला तरी कळणार नाही. तर इतकी मी हुशार. तेव्हापासून माझा डावा कान म्हणजे नुसती कुडी अडकवायची जागा.

दुसरी गोष्ट. भूतखेत मी मानत नाही. हे सगळेच लिहितात आणि पुढच्या ओळीत ताईत बांधतात, पण आमचं तसं नाही. आम्ही मूळचे नागपूरचे, विहारात जाणारं घर. कोणी बाधा-करणी म्हटलं की माझे वडील हसून विचारायचे, ‘पत्ता काय त्याचा?’ मी स्वतः केंद्र सरकारच्या कचेरीतून रिटायर झाले. तिथे तर सही-शिक्क्याशिवाय काही अस्तित्वातच नसतं.

आता द्वारकेला राहतो. आठवा मजला. विमानं इतकी खालून जातात की आलेल्या पाहुण्याचं वाक्य अर्ध्यात थांबतं. मुलगा-सून सकाळीच गुरुग्रामला ऑफिसला निघतात. मग घरी उरतो आम्ही दोघी – मी आणि माझी नात सानिका.

सानिकाला वर्दीची नोकरी हवी होती. लेखी परीक्षा पास झाली, उरली होती धावण्याची चाचणी, आणि वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटचीच संधी होती. पोरगी सकाळी बाहेर पळायची, संध्याकाळी सोसायटीच्या जिममध्ये. कानात गाणं नसेल तर पाऊल उचलायचं नाही, आणि कानातलं एकही यंत्र टिकायचं नाही. एक जोडी घामाने मेली. एक पळताना गटारात गेली. गळ्यात घालायचं होतं त्याची वायर जिमच्या मशीनमध्ये अडकून तुटली.

मी म्हटलं, “चल, मी घेऊन देते. पण निवडणार मी.”

“यार आजी, तुला काय कळतं त्यातलं?”

“टिकाऊ काय असतं ते मला कळतं. तुझ्या आजोबांना मीच निवडलं होतं.”

मार्केटमधल्या दुकानदाराने हेडफोनचे पंधरा डबे काढले. मी प्रत्येक पट्टी बांगडीसारखी ताणून बघितली. एक बरी वाटली. तो म्हणाला, ही कानात जातच नाही, कानापुढच्या हाडावर बसते. आवाज हाडातून जातो, कान मोकळा राहतो, मागून गाडी आली तर कळतं. रस्त्यावर पळणाऱ्या पोरीसाठी हेच हवं, असं माझं मत झालं. “और पसीना?” मी विचारलं. “पसीना क्या आंटीजी, पानी में डाल दो.” मी टाकले. त्याच्याच पाण्याच्या ग्लासात. त्याचा चेहरा उतरला, पण हेडफोन वाजत राहिले. मग नवा डबा मागितला आणि सील स्वतःच्या नखाने फोडलं. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर अनेकांनी विचारलं की आधी कोणाचे होते का. कोणाचेच नव्हते.

सानिका पळून आली की ते पुसून चार्जिंगला लावायचं काम माझं. ती क्लासला गेली की मी गुपचूप ते लावून खाली बागेत फेऱ्या मारायला जायची. तिसऱ्या मजल्यावरच्या भाटियाबाई तिथे उन्हात बाकावर मटार सोलत बसलेल्या असत.

“ओ मराठन, कानों पे ये क्या चढ़ा लिया? जवान हो रही है?”

“जवान तो थी ही. अब गाने भी सुनती हूँ.”

पहिल्याच आठवड्यात गाण्याखाली मला दुसरंच काही ऐकू आलं. कोणीतरी पळत होतं. धप, सर्र… धप, सर्र. ही चाल मी झोपेतसुद्धा ओळखीन. लहानपणी सानिकाचा उजवा घोटा मोडला होता, तेव्हापासून तो पाय किंचित घासतो. मला वाटलं, हेडफोनमध्ये तिचं पळणं रेकॉर्ड झालं असेल. गाणं बंद केलं. हेडफोनच बंद केले. पावलं चालूच. आणि मग ध्यानात आलं की ती डावीकडून येताहेत.

एका कानाच्या माणसाला दिशा कळत नाही. कुकरची शिट्टी आपल्या घरात झाली की शेजारी, हेही मला कळत नाही. हाडातून गेलेला आवाज माझ्या चांगल्या कानाला पोचत असेल, हे मान्य. पण मग तो डावीकडे, मागे, थोडा लांब आहे – हे मला कसं कळत होतं?

दोन दिवसांनी त्या पावलांच्या मागे आणखी पावलं आली. सपाट, अनवाणी असावीत अशी. सानिकाची धाप ऐकू यायची. मागच्याला धाप नव्हती. पळणारं माणूस कधीतरी श्वास घेतंच ना? आणि रोज ती पावलं आदल्या दिवसापेक्षा जवळ.

सानिकाला म्हटलं, “रस्त्यावर तुझ्यामागे कोणी पळतं का गं?”

“नाही. का?”

“हेडफोनमध्ये ऐकू येतं मला.”

“आजी, हेडफोनमध्ये रेकॉर्डिंग नसतं होत.” मग जरा थांबून म्हणाली, “पण तू म्हणतेस तर… आजकाल कोणीतरी मागून रेटल्यासारखं वाटतं. बिल्कुल दमत नाही मी. टायमिंग बघ ना माझं, किती सुधारलंय.”

ती खूश होती. मला मात्र ते सुधारणं आवडलं नाही. प्रदूषण वाढलंय, घसा जाईल, असं काहीबाही सांगून मी तिला बाहेर जाऊ दिलं नाही, सकाळीही जिममध्येच पाठवलं. मनात म्हटलं, रस्त्यावरचं जे काय असेल ते रस्त्यावर राहील. त्या दिवशी हेडफोन लावले तेव्हा मशीनची घरघर ऐकू आली. पट्ट्यावर सानिकाची पावलं. आणि त्यांना जवळजवळ चिकटून, मागे, ती सपाट पावलं. मी बागेत जागच्या जागी उभी राहिले. रस्त्यावर कोणी पाठलाग करतं हे एकवेळ मानता येतं. ट्रेडमिलवर मागे पळायला जागा कुठे असते?

सानिका वाळत चालली होती. डोळ्यांखाली काळं, ओठ फाटलेले. सून म्हणाली टेन्शन आहे, चाचणी झाली की खाईल. मुलाला पावलांचं सांगितलं, तर त्याने एवढंच विचारलं, “आई, तुझ्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत ना?”

मग तो रविवार. जिम बंद होतं, म्हणून सानिका सकाळी सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर पळत होती. मी बाल्कनीत चहा घेत होते. चहा संपला, अंघोळ झाली, भाजी चिरून झाली, बाहेर ऊन आलं. पुन्हा डोकावले, तर पोरगी गोल गोल पळतेच आहे. फोन केला, उचलला नाही. वरून हाक मारली, तिने मान वर केली, पण पाय थांबले नाहीत. तिचा चेहरा इतक्या उंचावरूनही मला नीट दिसला. ती घाबरली होती.

मी गाऊनवरच खाली गेले आणि तिच्या वाटेत उभी राहिले. ती येऊन माझ्यावर आदळली, आम्ही दोघी मेंदीच्या कुंपणात. आयुष्यात दुसऱ्यांदा अशी पडले, आणि या वेळी कोणी आशीर्वाद दिला नाही. सानिकाचे पाय आडवे पडल्यावरसुद्धा हलत होते. ती रडत म्हणाली, “आजी, थांबताच येत नव्हतं. मी कधीची थांबायचं म्हणतेय.”

मी तिच्या डोक्यावरून हेडफोन ओढून काढले आणि स्वतःला लावले. वाटलं होतं, आता शांत असेल. ते थांबलं नव्हतं. सानिकाच्या मागे, अगदी पाठीशी, जागच्या जागी पावलं पडत होती. धप, धप, धप. ती उठायची वाट बघत असल्यासारखी.

मला भीती वाटली म्हणजे किती, ते लिहून सांगता यायचं नाही. पण भीती वाटली की माझी जीभ सुटते. ही जुनी खोड. मी म्हटलं, “पोरीच्या मागे काय लागायचं? ती कोवळी आहे, लगेच मोडेल. माझ्यामागे ये. बघू कोण आधी दमतं.” मग वाटलं, दिल्लीचं आहे, मराठी कळायचं नाही. म्हणून तेच हिंदीतही सांगितलं.

पावलं थांबली. मग चार-दोन पडली, सावकाश. सानिकाकडून माझ्याकडे. माझ्या डाव्या खांद्यामागे येऊन थांबली. आणि त्या कानात पुन्हा पहिल्यासारखी शांतता झाली.

दुसऱ्या दिवसापासून सानिका दमायला लागली. टायमिंग बिघडलं म्हणून माझ्यावर चिडचिड करायची. मला तिची ती धाप ऐकून इतकं बरं वाटायचं की विचारू नका. चाचणी ती जेमतेम पास झाली. अगदी काठावर, शेवटच्या काही जणींत. आता ट्रेनिंगला गेली आहे. हेडफोन तिच्याकडेच आहेत, छान चालतात, अजून तुटले नाहीत. दुकानदार खोटं बोलला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, सानिकाला रक्त कमी होतं आणि तिने अति केलं. माझ्या कानाबद्दल म्हणाले, बंद पडलेल्या कानात आवाज होतात, मेंदू तयार करतो. मेंदूला सानिकाचा घोटा माहीत आहे, हेही मी मानलं. पण ट्रेडमिलवरच्या दुसऱ्या पावलांचं काय, आणि तिला थांबता का येत नव्हतं, असं विचारलं, तर त्यांनी माझं बीपी तपासलं.

मी अजून रोज बागेत फिरते, आता कानाला काहीही न लावता. एक सांगायचं राहिलं. माझे गुडघे दुखायचे थांबले आहेत. एक फेरी मारून येते म्हणून उतरते आणि जेवायची वेळ टळून जाते. मला स्वतःला ऐकू काहीच येत नाही. मागे वळून मी बघत नाही.

परवा भाटियाबाई नेहमीसारख्या उन्हात मटार सोलत होत्या. मी कितवीतरी फेरी घालून त्यांच्यासमोरून निघाले होते. त्यांनी मटारची पिशवी उचलून मांडीवर घेतली, बाकावर सरकून जागा केली – दोघींना पुरेल एवढी – आणि शेंगांवरून नजर न काढता म्हणाल्या, “अरी मराठन, अब तो रुक जा. तेरे पीछेवाली की साँस फूल रही है, बेचारी को बैठने तो दे.”