ताईची तीन बोटं

बातमी आली तेव्हा दुकानात एका गिऱ्हाइकाशी भावावरून माझी हुज्जत चालली होती. फोन ताईच्या शेजारणीचा. "भाऊ, लवकर ये. ॲम्ब्युलन्स आली, पण ताई उठून नाही राहिली..."

ताई म्हणजे माझी मोठी बहीण कमल. जन्मापासून बहिरी आणि मुकी, खुर्सीपार वस्तीत शिलाई करायची. माझं जुन्या मोबाईलचं दुकान आहे, आणि भाव करण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही असं लोक म्हणतात. मी ते ताईकडून शिकलो. कॅम्प-१च्या बाजारात ती अस्तराचा भाव बोटांनी सांगायची, आणि वर केलेली बोटं खाली घ्यायची नाही. दुकानदार ओरडायचा, शपथा घ्यायचा. तिला त्यातलं काही ऐकूच यायचं नाही! शेवटी तोच हसत कापड फाडायचा.

काही वर्षांपूर्वी भाऊजींना अर्धांगाचा झटका आला, त्या दुपारी घरात ती एकटीच होती. एक बटण दाबलं की मदतकेंद्राला मेसेज आणि पत्ता जातो, असं ॲप मीच तिच्या मोबाईलमध्ये टाकलं होतं. तिनं बटण दाबलं, मेसेज गेला. आणि खात्री करायला तिकडून फोन आला... बहिऱ्या बाईला फोन! शेवटी तिनं दारात ताट बडवून गल्ली गोळा केली. भाऊजी वाचले, पण उशीर झाला होता. उजवा हात कायमचा गेला.

मी आणि ताई त्या मदतकेंद्राच्या ऑफिसात गेलो. साहेबांनी रेकॉर्डिंग लावलं. "हॅलो! आवाज नहीं आ रही, जोर से बोलिए!" असं तीनदा. खाली शेरा, फर्जी कॉल.

"साहब, बोल पाती तो मेसेज काहे करती?"

"तो किसी बोलनेवाले का नंबर डालो ना."

मी टेबलावर हात आपटला आणि बाहेर काढला गेलो. ताई आत बसून राहिली, तीन बोटं वर करून. तीन फोन, तिन्ही फुकट. पुढे दर सोमवारी ती जायची, त्याच खुर्चीत, तीच तीन बोटं. वर्ष उलटायच्या आत ॲपमध्ये एक चौकोन आला: 'सुन नहीं सकते, केवल संदेश भेजें.' उद्घाटनाला साहेबांना हार, फोटो. ताईला साधं बोलावणं नाही. मी ते विसरलेलो नाही, विसरणारही नाही. ती मात्र त्या आठवड्यात जामुलपर्यंत हिंडून ओळखीच्या प्रत्येक बहिऱ्या माणसाच्या मोबाईलमध्ये त्या चौकोनावर खूण करून आली.

तेरवीला शेजारीण म्हणाली, "येवढी भांडली, पण का फायदा झाला भाऊ? गेलीच ना."

मी ताईचा मोबाईल तिच्यापुढे धरला. त्या दिवशी भाऊजी बाहेर गेले होते. ताई: 'सीने में दर्द, अकेली हूँ.' लगेच खाली केंद्राचं उत्तर: 'गाड़ी निकल गई है. दरवाज़ा खुला रखिए.' ताई: 'खुला है.'

या वेळी कोणी फोन केला नाही. गाडी वेळेत आली, काळीजच थांबलं. त्याच्याशी भाव करता येत नाही. पण माझी बहीण हाक न पोचता मेली असं माझ्यासमोर कोणी म्हणू नये.

तो मोबाईल दुकानात काचेखाली ठेवला आहे. गिऱ्हाईक विचारतं, "कितने का है?" मी तीन बोटं वर करतो.

"तीन हज़ार? कुछ कम करो भैया."

मी ऐकत नाही. बोटं तशीच वर.