केजजवळची तपकिरी विहीर आणि निळी पिंपं

मे महिन्यात बीडकडे कुणी फिरायला जात नाही. मीही गेले नसते, पण सुनंदाचा फोन आला. आम्ही कॉलेजात एका बाकावर बसायचो. आता ती केजला शाळेत विज्ञान शिकवते.

"आमच्या गावच्या विहिरीत कारखानावाले जिवाणू सोडणार आहेत," ती म्हणाली. "तू हेच काम करतेस ना? एकदा येऊन बघ."

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मी सांडपाणी साफ करणारे जिवाणू वाढवते. रजा टाकली, बर्फाची पेटी आणि नमुन्याच्या बाटल्या घेतल्या आणि निघाले.

जाणार असाल तर पुण्याहून पहाटेचीच एसटी धरा. नगर सोडलं की खिडकीचा गज हाताला चटका देतो. बीडला गाडी बदलायची. पुढे मांजरसुंब्याचा घाट चढला की बालाघाटाचं पठार लागतं, सगळं करड्या रंगाचं. नेकनूरला चहासाठी थांबलो, तिथे मागच्या सीटवरच्या दोघांचं चाललं होतं.

"टँकर कामून आला न्हाई रं काल?"

"आलता. सरपंचाच्या गल्लीतूनच परत गेला."

केजला स्टँडसमोरच्या खानावळीत पिठलं, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा मिळाला. जेवण स्वस्त आणि उत्तम. पाणी मात्र सोबत बाळगा. तिथून धारूरच्या रस्त्याला जाणाऱ्या वडापच्या जीपमध्ये बसून, स्टँडवर घ्यायला आलेल्या सुनंदाबरोबर तिच्या गावी गेले.

विहीर गावाच्या खालच्या अंगाला आहे. पाणी कोऱ्या चहासारखं, वास आंबलेल्या गुळाचा. सहकारी साखर कारखान्याच्या मद्यार्क प्रकल्पाचं सांडपाणी वर्षानुवर्षं तळ्यांत साठवलं आणि ते जमिनीतून इथवर झिरपलं. कारखाना गावाचाच, घरटी एक सभासद. त्यामुळे भांडायचं कुणाशी, हा इथला जुना प्रश्न. पिण्याला टँकर येतो. जनावरांना काहीच नाही.

विहिरीजवळच्या कडुलिंबाखाली चार निळी पिंपं ठेवली होती. त्यांवर एवढंच छापलेलं: 'सुधारित जिवाणू'.

"सुधारित म्हणजे काय केलंय?" मी विचारलं.

कारखान्याचे संचालक भगवानराव शेजारी उभे होते. "ते पिंपं देणाऱ्या कंपनीलाच ठावं. टाकायचं आन् वाट बघायची, येवढंच सांगितलंय."

माझी अडचण तिथेच होती. जिवाणूंना घाणीचा डोस हळूहळू वाढवत नेला, तर त्यातले तगणारे ती घाण खायला शिकतात. आम्ही तेच करतो. दुसरी रीत म्हणजे त्यांची जनुकंच बदलायची. असे बदललेले जिवाणू उघड्यावर सोडायला केंद्र सरकारच्या समितीची परवानगी लागते. पहिल्या प्रकाराबद्दल नेमकं कुणाला विचारायचं, हे मलाही नीट माहीत नाही. मी कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस नम्रपणे म्हणाला, "मॅडम, ते गोपनीय आहे."

संध्याकाळी देवळासमोर गाव जमलं. मी सांगितलं ते असं: हे जिवाणू चांगले असतीलही. पण विहिरीत सोडले की परत काढता येणार नाहीत, आणि खालच्या झऱ्यांतून ते कुठवर जातील ते माहीत नाही. आधी कारखान्याच्या सिमेंटच्या टाकीत विहिरीचं पाणी भरून त्यात वापरून बघू, मी नमुना तपासते, परवानगीसाठी अर्ज करू.

सुनंदाचे काका लक्ष्मणराव उठले. त्यांच्याकडे तीन गाई आणि थोड्या शेळ्या.

"म्हंजे किती दिस?"

"सांगता येत नाही, काका."

"तुमी उद्या पुण्याला जाताल. माजी जनावरं हितंच ऱ्हाणार हाईत. पानी तर आदीच नासलंय, आनखी काय नासायचं ऱ्हायलं?"

सुनंदा म्हणाली, "काका, उद्या ह्याच विहिरीचं पाणी पोरं पिणार. आत काय सोडलं ते कळू दे की." बराच वेळ बोलणं झालं. शेवटी पिंपं टाकीकडे न्यायचं ठरलं. तोवर जनावरांसाठी टँकर द्यायचं भगवानरावांनी कबूल केलं. लक्ष्मणकाका माझ्याकडे न बघता निघून गेले.

सकाळी मी नमुने भरून घेतले आणि धारूरचा किल्ला बघितला. ऊन चढायच्या आत जा; वर सावली कमी आहे. कोरड्या दऱ्या बघताना माझं लक्ष मात्र गावाकडेच होतं. दुपारची गाडी धरून परतले.

त्याला आता बरेच आठवडे झाले. टाकीतला वास गेलाय, रंग मात्र थोडाच उतरलाय. माझ्या तपासणीत आतापर्यंत धोक्याचं काही निघालेलं नाही. जनुकं बदललीत का, हे आमच्याकडच्या चाचण्यांतून कळत नाही आणि कंपनी सांगत नाही. अर्जावर एका कार्यालयाने हा विषय आपला नाही म्हणून कळवलं, दुसऱ्याचं उत्तर अजून यायचंय. जनावरांचा टँकर आठवडाभर आला, मग बंद पडला. लक्ष्मणकाकांनी दोन गाई विकल्या.

हे कळल्यावर मी त्यांना फोन केला. तपासणीचं सगळं सांगितलं.

"म्हंजे त्यात वाईट काय न्हाई?"

"अजून तरी सापडलं नाही."

"मग आता हिरीत टाकावं का?"

मी पुन्हा देवळासमोरचंच सांगितलं: विहिरीत सोडले की परत काढता येणार नाहीत, परवानगी येईपर्यंत थांबा. आजही मला तेच बरोबर वाटतं. ते म्हणाले, "बरं. एक गाय हाय आजून," आणि फोन ठेवला.